रिकिबींतला पाय

बीड जिल्ह्यांत बालाघाटच्या डोंगरांवर धारूर नांवाचें जुनें गांव आहे, आणि गांवाला लागून किल्ला आहे. बाकीच्या अंगांना खोल दरी. जेथून माणूस चालत येऊं शकतो त्या अंगाला खंदक व भक्कम तट. इ. स. १५६७ त विजापूरच्या अली आदिलशहाचा सरदार किश्वरखान यानें एका जुन्या दुर्गाच्या जागीं तो बांधविला. तालिकोटच्या रणांगणावर विजापूर आणि अहमदनगर खांद्याला खांदा लावून लढलीं, त्यास तेव्हां पुरीं तीन वर्षेंही लोटलीं नव्हतीं. पण दोस्ती आटली होती, आणि निजामशाहीच्या उंबरठ्यावर बसून किश्वरखान आसपासच्या मुलखाचा वसूल गोळा करूं लागला होता.

अहमदनगरच्या गादीवर मुर्तजा निजामशहा हा तरुण राजा होता. बरींच वर्षें कारभार त्याच्या आईच्या, खुंजा हुमायूनच्या हातीं होता. तिला कैद करून १५६९ त त्यानें सत्ता आपल्या हातीं घेतली आणि घोडा वळविला तो धारूरकडे. पुढचा प्रसंग फिरिश्तानें आपल्या इतिहासांत सांगितला आहे. राजा वाटेवर असतांना किश्वरखानाचें पत्र त्याला मिळालें. तें वाचून मुर्तजाला इतका संताप आला, कीं त्यानें तेथल्या तेथें प्रतिज्ञा केली : किल्ल्यांत शिरेपर्यंत घोड्यावरून उतरावयाचें नाहीं. रिकिबींतला पाय न काढतां तो थेट दरवाजाच्या रोखानें निघाला. मोर्चे नाहींत, सुरुंग नाहींत, वेढ्याची कसलीही रीत नाहीं. तटावरून भडिमार होऊं लागला, खालून बाण सुटूं लागले. आणि मग एकाएकीं तटावरची आग थांबली. पुढें जाऊन पाहतात तों किल्ला ओस पडलेला. बाण लागून किश्वरखान मेला होता, आणि धनी पडल्याबरोबर आंतली शिबंदी पळून गेली होती.

ही हकीकत मी एकदां एका स्नेह्याच्या घरीं जेवणानंतर सांगत होतों. ती संपतांच घरांतला बारा वर्षांचा मुलगा म्हणाला, “काका, हा खेळ कोठें मिळतो?” आणि त्याची आई म्हणाली, “खेळ कसला? ह्यावर चित्रपट निघाला पाहिजे.” मायलेकांची ही दोन वाक्यें माझ्या मनांत बराच काळ घोळत राहिलीं. दोघांनाही साहस हवें होतें. पण मुलाला घोड्यावर स्वतः बसावयाचें होतें, आणि आईला घोड्यावर बसलेल्या राजाकडे पाहावयाचें होतें. साहसाच्या खेळाचा चित्रपट करावयाचा म्हणजे ह्या मुलाला त्या आईच्या खुर्चींत आणून बसवावयाचें. तें वाटतें तितकें सोपें काम नाहीं. गेल्या तीस-बत्तीस वर्षांत तें पुष्कळांनीं करून पाहिलें आहे, आणि त्या खटपटीचा इतिहास आतां सांगण्याजोगा झाला आहे.

ज्यांच्या घरीं किंवा कचेरींत १९९० च्या सुमारास संगणक आला, त्यांतल्या पुष्कळांना इराणच्या राजपुत्राचा खेळ आठवत असेल. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ हें त्याचें पुरें नांव. आपल्याकडे मुलें नुसतें ‘प्रिन्स’ म्हणत. जॉर्डन मेक्नर नांवाच्या अमेरिकन तरुणानें तो रचला आणि १९८९ त तो बाजारांत आला. गोष्ट चार ओळींची. दुष्ट वजीर जाफर यानें राजकन्येला घटकाभराची मुदत दिली आहे : लग्नाला हो म्हण, नाहीं तर मर. राजपुत्र तळघरांत कैद आहे. साठ मिनिटांत, खऱ्या घड्याळाच्या साठ मिनिटांत, खेळणाऱ्यानें त्याला तळघरांतून मनोऱ्यापर्यंत पोंचवावयाचें. वाटेंत खड्डे, खड्ड्यांत अणकुचीदार सुळे, पायाखालीं निसटणाऱ्या फरश्या आणि तलवार घेतलेले पहारेकरी. उडी एक बोट चुकली कीं राजपुत्र मेला.

ह्या खेळांतला राजपुत्र खऱ्या माणसासारखा धांवे, तोल सांवरी, कठड्याला लोंबकळे. त्याचें कारण मोठें गमतीचें आहे. मेक्नरनें आपल्या धाकट्या भावाला पांढरे कपडे घालून मोटारी उभ्या करण्याच्या मोकळ्या जागेंत पळावयास व उड्या मारावयास लावलें, त्याचें चित्रण केलें, आणि त्या चित्रांवरून एकेक हालचाल उतरवून काढली. तलवारीच्या लढाईसाठीं त्यानें १९३८ सालच्या रॉबिन हूडच्या चित्रपटांतील द्वंद्वयुद्ध समोर ठेवलें. म्हणजे खेळ चित्रपटांत जाण्यापूर्वीं चित्रपटच खेळांत आला होता. दोन्ही कलांचें हें देणें-घेणें पहिल्यापासूनचें आहे. एक दुसरीच्या घरीं आगंतुक म्हणून गेली असें म्हणतां येत नाहीं.

आतां ह्या खेळांतली एक जागा पाहा. वाटेंत एक आरसा आडवा येतो. त्यांतून उडी मारल्यावांचून पुढें जातां येत नाहीं, आणि उडी मारली कीं आरशांतून राजपुत्राची छाया बाहेर पडते व पळून जाते. ती पुढें खोड्या काढते, आणि शेवटीं शेवटीं तलवार उपसून समोर उभी राहते. खेळणारा सवयीनें वार करतो, आणि वार स्वतःलाच लागतो! छाया मेली कीं आपणही मरतों. असें कांहीं वेळां मेल्यावर मग कधीं तरी सुचतें, कीं तलवार म्यान करून पाहावी. म्यान केली कीं छाया पुढें येऊन अंगांत मिसळून जाते. मला विचाराल तर ही कल्पना एखाद्या चांगल्या नाटकाच्या तोडीची आहे. पण ती नुसती दाखवून भागत नाहीं. रंगभूमीवर नटानें तलवार म्यान केली तर आपण माना डोलावूं. येथें तलवार म्यान करण्याचें शहाणपण आपल्या बोटांना, मरून मरून, आलेलें असतें. चित्रपट हें घेऊं शकत नाहीं. तो राजपुत्र घेईल, राजकन्या घेईल, वजीर आणि मनोरा घेईल. पण चुकण्याचा हक्क त्याला प्रेक्षकाच्या हातून काढून घ्यावाच लागतो. मग जी जागा रिकामी पडते ती कशानें भरावयाची, हा खरा प्रश्न आहे.

पहिल्यांदां ती कशानेंही भरली गेली. १९९३ त मारिओ नांवाच्या नळकाऱ्याच्या जपानी खेळावर अमेरिकेंत चित्रपट निघाला, आणि त्यांत खेळांतलें नांवापलीकडे फारसें कांहीं उरलें नाहीं. तो सपशेल पडला. तोच नळकारी ३० वर्षांनीं, २०२३ त, चलच्चित्रांतून आला तेव्हां मात्र त्यानें १३० कोटी डॉलरांहून अधिक मिळविले. खेळांत तो जसा चित्रांतला प्राणी होता तसाच तेथें राहिला, त्याला हाडामांसाचा करण्याचा अट्टाहास कोणी केला नाहीं, हें त्याचें एक कारण असावें.

राजपुत्राच्या नशिबीं निराळीच गोष्ट आली. २००३ त त्याचा नवा खेळ निघाला. त्यांत त्याच्या हातीं एक कट्यार होती, आणि तिच्यांतील वाळूच्या जोरावर कांहीं क्षण काळ मागें नेतां येई. उडी चुकली, कड्यावरून पडलों, कीं काळ मागें घ्यावा आणि पुन्हा उडी मारावी. चूक सुधारण्याची खेळांतली जी जुनी सोय, तीच येथें कथेचा प्राण झाली. युक्ती मोठी कुशल होती. २०१० त त्यावरून चित्रपट झाला. दिग्दर्शक माइक न्यूएल. आणि कथा स्वतः मेक्नरची, म्हणजे खेळाचा कर्ताच पटकथेच्या दारांत उभा होता. मोरोक्कोच्या वाळवंटांत चित्रण झालें, पैसा पाण्यासारखा ओतला गेला, आणि जगभरांत ३३ कोटी डॉलरांवर उत्पन्नही झालें. तरी पाहून बाहेर पडल्यावर मनांत कांहीं रेंगाळत नाहीं. कट्यार तीच होती, पण चूक आपली नव्हती. दुसऱ्याची चूक दुसऱ्यानें पुसली. आपण खुर्चींत बसून ती पुसतांना पाहिली. साठ मिनिटांच्या खेळांत तळहात घामेजत, आणि ११६ मिनिटांच्या चित्रपटांत ते कोरडेच राहतात!

हे सारे दूरदेशचे दाखले झाले. पण हा पेंच आपल्या घरांत त्याहून फार जुना आहे. फक्त तेथें संगणक नव्हता.

सिंहगडावरील तानाजी मालुसऱ्याचें साहस फेब्रुवारी १६७० मधलें. तुळशीदास शाहिराचा त्यावरचा पोवाडा प्रसिद्ध आहे. पोवाडा ही नुसती ऐकण्याची वस्तु नव्हे. डफ वाजतो, शाहीर पुढें सरकतो, मागून झीलकरी सूर धरतात आणि समोरचा जमाव त्यांत आपला आवाज मिसळतो. कडा शाहीर एकटा चढत नाहीं, सगळी सभा चढते. म्हणून पोवाडा मला खेळाचा थोरला भाऊ वाटतो. त्या कड्यावर दोर लावणारी घोरपड आपण पोवाड्यांत भेटतों. सभासदाच्या बखरींत ती नाहीं, तेथें माणसेंच कडा चढून जातात. पण सभेला चढावयाचें असेल तर कांहीं तरी दोर हवाच, आणि घोरपडीनें तो पुरविला. इतिहासकारानें तिच्यावर काट मारली म्हणून ती मेली नाहीं.

मग हरि नारायण आपट्यांनीं ‘गड आला पण सिंह गेला’ ही कादंबरी लिहिली. आतां वाचक घरांत एकटा बसला होता, त्याच्या हातांत डफ नव्हता आणि तोंडांत झील नव्हती. रात्रभराच्या चढाईनें कादंबरीचीं इतकीं पानें कशीं भरावींत? आपट्यांनीं कमलकुमारी आणली : उदयभानूच्या कैदेंतली रजपूत स्त्री, आणि तिच्या सुटकेची टांगती चिंता. ही कल्पनेची भर होती, आणि तिच्यामुळें वाचक पानामागून पान उलटीत राहिला. कोल्हापुरास बाबूराव पेंटरांनीं १९२३ त ह्याच कादंबरीवरून ‘सिंहगड’ हा मूकपट काढला. रात्रीच्या प्रसंगांसाठीं त्यांनीं कृत्रिम प्रकाश वापरला, आणि शेलारमामाच्या भूमिकेंत शांताराम वणकुद्रे नांवाचा एक तरुण उभा राहिला. दहा वर्षांनीं, १९३३ त, त्याच व्ही. शांतारामांनीं प्रभातसाठीं ‘सिंहगड’ पुन्हा, ह्या वेळीं बोलता, केला. आणि जानेवारी २०२० त ओम राऊत यांचा ‘तान्हाजी’ हिंदींत आला. त्यांत बहुतेक गड संगणकावर उभा केलेला होता, आणि शत्रूच्या हातीं ‘नागिन’ नांवाची एक अजस्र तोफ दिलेली होती. अशी तोफ कोणत्याही बखरींत सांपडणार नाहीं. परंतु ज्यानें साहसाचे खेळ खेळले आहेत त्याला ती लगेच ओळखूं येते : शेवटच्या मजल्यावर जो महाकाय शत्रु ठेवलेला असतो, तीच ती! खेळावरून चित्रपट काढलेला नव्हता. पण चित्रपटानें खेळाची चाल उचलली होती.

मात्र माझें लक्ष तोफेकडे तितकें गेलें नाहीं, जितकें एका स्त्रीकडे गेलें. ह्या चित्रपटांतही उदयभानूच्या कैदेंत एक राजस्त्री आहे, आणि तिचें नांव कमलदेवी. आपट्यांनीं कथेची रिकामी जागा भरण्यासाठीं जी बाई निर्माण केली, ती शंभराहून अधिक वर्षें गडावर राहून गेली. मूकपट आले, बोलपट आले, संगणक आले. तिला कोणी खालीं उतरविलें नाहीं. गडाच्या नांवाचेंही तसेंच. तानाजी पडला म्हणून कोंडाण्याचा सिंहगड झाला असें आपण लहानपणापासून ऐकतों. वास्तविक १६७० पूर्वींच्या पत्रांत ‘सिंहगड’ हें नांव आलेलें आहे. पण पत्रें कोण वाचतो?

परदेशांत तर ह्यापुढचीही पायरी गांठलेली दिसते. लारा क्रॉफ्ट ही इंग्लंडमध्यें जन्मलेली खेळांतली नायिका, खेळ १९९६ चा. जुन्या थडग्यांत आणि देवळांत शिरून निधि शोधणें हा तिचा उद्योग. २००१ त तिच्यावर चित्रपट निघाला, आणि त्याचें कांहीं चित्रण कंबोडियांत, अंगकोरजवळच्या ता प्रोह्म मंदिरांत झालें. हें मंदिर सातव्या जयवर्मन् राजानें बाराव्या शतकाच्या अखेरीस आपल्या आईच्या नांवें उभारलें. मोठमोठ्या झाडांचीं मुळें त्याच्या भिंतींवरून अजगरासारखीं उतरलीं आहेत. चित्रपट आल्यापासून देशोदेशींचे प्रवासी त्याला ‘टूम रेडरचें देऊळ’ म्हणून ओळखूं लागले, आणि वाटाडेही तेंच नांव सांगूं लागले. आठशें वर्षें आईच्या नांवानें उभें असलेलें मंदिर एका थडगेंलुटीच्या खेळाच्या नांवानें ओळखलें जावें! ह्यांत कोणाचा दुष्टपणा नाहीं. निर्मात्यांना सुंदर जागा हवी होती, ती मिळाली. पण खेळणाऱ्याचा हात काढून घेतल्यावर जी पोकळी होते, ती चित्रपट दृश्यानें भरतो. आणि दृश्य जेथें घेतलें त्या भूमीला तें चिकटून बसतें. नुसत्या खेळांतली देवळें कोठल्याच गांवचीं नसतात, म्हणून तीं कोणाचें नांव पुसत नाहींत.

आतां पुन्हा धारूरला येऊं. सिंहगडाजवळ निदान बखर आहे, पोवाडा आहे, पत्रें आहेत. कमलकुमारीनें एक कोपरा अडविला तरी बाकीचा गड मोकळा राहतो. धारूरच्या त्या दिवसाची हकीकत म्हणजे फिरिश्ताच्या ग्रंथांतल्या थोड्याशा ओळी. येथें जो पहिला येईल, खेळ घेऊन येवो कीं चित्रपट घेऊन, त्याचेंच धारूर लोकांच्या डोळ्यांपुढें राहील. आणि कोणी येणार नाहीं असें म्हणवत नाहीं. पुण्याच्या एका मंडळीनें २०२० त ‘राजी’ नांवाचा साहसाचा खेळ जगाच्या बाजारांत आणला. आपल्या भावाला असुरांच्या हातून सोडवावयास निघालेली मुलगी त्याची नायिका, आणि कथा सांगतात दुर्गा व विष्णु. पुण्याहून धारूर कांहीं फार दूर नाहीं.

त्या मुलाच्या खेळाचा आराखडा मी मनाशीं करून पाहिला आहे. तो सहज होतो. पत्र हातीं पडतें, घोडा उधळतो, आणि एकच नियम : पाय रिकिबींतून काढला कीं हार. दरी आडवी येते, तटावरून गोळे येतात, दरवाजा जवळ येत जातो. मग तटावरची ती शांतता. येथें खेळ अडतो. दरवाजा आपण उघडावा अशी खेळणाऱ्याची अपेक्षा. आणि धारूरला तर शत्रु आधींच मेलेला, किल्ला आपोआप मोकळा झालेला. कोणता खेळ आपल्या गिऱ्हाइकाला सांगेल, कीं बाबा रे, तूं जिंकलास, पण त्यांत तुझ्या तलवारीचें कांहीं काम नव्हतें, एका बाणानें तें केव्हांच उरकलें? खेळ करणारा तेथें नागिन तोफ ठेवील, किंवा किश्वरखानाला उठवून दरवाजांत उभा करील. मला वाटतें, करूं नये. त्या शांततेंत खेळणाऱ्याला घोड्यावर तसाच थोडा वेळ बसवून ठेवावें.

आईच्या चित्रपटाला मात्र एक वाट मोकळी आहे, आणि ती खेळाला नाहीं. खेळ मुर्तजाच्या खोगिरावरून खालीं उतरूं शकत नाहीं. चित्रपट तटाच्या आंत जाऊं शकतो. फिरिश्ता आपल्याला बाहेर उभा करतो. आपण गोळे येतांना पाहतों, मग ते थांबलेले पाहतों. आंत काय घडलें? दोन वर्षांपूर्वीं ज्यानें हा तट बांधविला, तो त्याच तटावर पडला. तो पडल्याची बातमी बुरुजाबुरुजावरून कशी गेली असेल, पहिल्यानें कोणी बंदूक खालीं ठेविली असेल? हें कल्पनेनेंच भरावें लागेल, तें मला मान्य आहे. पण ही कल्पना इतिहासाच्या सांध्यांत बसते. कमलकुमारीप्रमाणें नवें दालन बांधावें लागत नाहीं. हात काढून घेतल्याचें मोल चित्रपटाला अशाच तऱ्हेनें चुकतें करतां येईल : जो दरवाजा खेळणाऱ्याला बाहेरूनच दिसला, त्याची आंतली बाजू दाखवून.

आणि चित्रपट आणखी पुढेंही जाऊं शकतो. बहुधा जाणार नाहीं, कारण विजयाच्या नौबतीवर पडदा टाकण्याची रीत आहे. ज्या मुर्तजाला एक दिवस घोड्यावरून उतरणें पसंत नव्हतें, तोच पुढें राज्यकारभाराला विटून वर्षानुवर्षें महालांत एकांतांत बसून राहिला; लोक त्याला ‘दिवाणा’ म्हणूं लागले. १५८८ त त्याच्या मुलानेंच, मीरान हुसेनानें, त्याला स्नानगृहांत कोंडून आग लावून मारिलें. फिरिश्ता त्या वेळीं अहमदनगरांतच, राजाच्या चाकरींत होता. राजाच्या माणसांची कत्तल झाली; हा वांचला, कारण मीरान हुसेन त्याचा शाळासोबती होता. पुढच्याच वर्षीं तो विजापुरास गेला आणि तेथल्या इब्राहिम आदिलशहाच्या आश्रयानें त्यानें आपला ग्रंथ लिहिला. धारूरचा तो घोडा, तें पत्र, ती थांबलेली आग हें सारें त्यानें त्या विजापुरांत बसून लिहिलें, ज्या विजापूरचा किल्ला त्या दिवशीं पडला होता.